आधी मेस, मग स्नेहसंमेलन

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वसतिगृहातील विद्यार्थी खोलीबाहेर पडत नाहीत, मोबाइलमध्ये गुंतून राहतात, स्नेहसंमेलनासाठी वा सामन्यांसाठी नावे देत नाहीत, अशी खंत आपल्या दैनिकातून अलीकडे व्यक्त झाली. शासकीय वसतिगृहात गृहपाल म्हणून काम केलेल्या मला या तक्रारीचे मूळ मोबाइलपेक्षा बंद पडलेल्या स्वयंपाकघरात दिसते.

खेड्यातून प्रथम वर्षाला आलेल्या मुलाला ‘नाटकात काम करशील का’ असे विचारले, तर तो बहुधा नाहीच म्हणतो. मात्र मेस समितीने त्याला मंडईतून भाजी आणण्याच्या पाळीत घातले किंवा रविवारच्या फीस्टला वाढपी म्हणून उभे केले, तर संकोचाला फारशी जागा उरत नाही आणि थोड्याच दिवसांत पंगतीतला प्रत्येक जण त्याला नावाने ओळखू लागतो. पुढे व्हॉलीबॉलला सहावा गडी कमी पडला की हाक त्यालाच जाते. गणेशोत्सवाची आरास, भित्तिपत्रक, कॅरमचे सामने हे सारे मी असेच जमलेले पाहिले आहे. नोटीस लावून जमलेले क्वचितच. अंगी कला असलेली मुले कुठेही पुढे येतात, अडचण उरलेल्यांची असते आणि संख्येने तीच अधिक असतात.

महाराष्ट्राला हे नवे नाही. कोल्हापुरात शिकत असताना अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला जाऊन आल्यावर शुद्धीसाठी आंघोळ करण्यास नकार दिला, म्हणून भाऊराव पाटलांना ते राहत असलेले वसतिगृह सोडावे लागले होते. त्याच भाऊरावांनी 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले, 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले, आणि तेथील मुले एकत्र राबत व एका पंगतीला जेवत. त्यांना एकमेकांत मिसळण्यासाठी वेगळा उपक्रम आखावा लागला नाही.

याउलट 2018 मध्ये आदिवासी विकास विभागाने शहरी वसतिगृहांतील मेसऐवजी भोजनाची रक्कम थेट विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात जमा करण्याचे धोरण स्वीकारले. त्याविरुद्ध विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते, हे वाचकांना आठवत असेल. त्या वेळी चर्चा झाली ती मुख्यतः पैशांची, आणि ती रास्तच होती. पण जेथे ही पद्धत आली, तेथे कोणी खानावळीत जातो, कोणी डबा लावतो, कोणी खोलीत खिचडी शिजवतो, आणि संध्याकाळी सगळ्यांनी एका जागी येण्याचे निमित्तच उरत नाही. त्यात रॅगिंग रोखण्यासाठी नवागतांना शक्यतो स्वतंत्र इमारतीत ठेवण्याचा विद्यापीठ अनुदान आयोगाचा 2009चा नियम आहे. तो आवश्यकच आहे, मात्र त्यामुळे पुढच्या वर्गातल्या मुलांशी चारचौघांत, देखरेखीखाली ओळख होण्याची जागा म्हणून मेसचे महत्त्व वाढते. मुलींच्या वसतिगृहांत तर दार लवकर बंद होत असल्याने बाहेरच्या तालमी आणि सराव अनेकींना दुरापास्तच असतात.

मेस म्हणजे नंदनवन होते, असे मला म्हणायचे नाही. पातळ आमटी आणि ठेकेदाराशी वाद हे रोजचेच असत. ताटावरून माणसे वेगळी बसवण्याची वृत्तीही अद्याप गेलेली नाही. 2023 मध्ये मुंबईच्या आयआयटीत मेसमधील काही टेबले केवळ शाकाहारी विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवण्यावरून वाद झाला आणि विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला दंडही झाला. अशा भांडणांचा निकाल समोरासमोर बसून लावता येतो. स्वतंत्र डब्यांत ती भांडणे मिटत नाहीत, फक्त दिसेनाशी होतात.

म्हणून संबंधित विभागांना आणि महाविद्यालयांना विनंती अशी की, स्वयंपाक ठेकेदाराकडे असला तरी भाजी-खरेदी, आठवड्याचा बेत आणि हिशेब निवडून आलेल्या विद्यार्थी समितीकडे द्यावा, त्या समितीत प्रथम वर्षाच्या मुलामुलींना निम्म्या जागा असाव्यात, आणि कोणत्याही वसतिगृहातील मेस बंद करण्यापूर्वी या समितीचे मत लेखी घेणे बंधनकारक करावे.

आपला,
एक निवृत्त गृहपाल, सातारा