चि. मृण्मयीस, होल्डवरच्या गाड्यांविषयी

रामबाग, इंदूर
रविवार, रात्र

चि. मृण्मयी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

सकाळी फोनवर आपला वाद झाला आणि "बाबा, तुम्ही अजून युनियनचेच बोलता" असे म्हणून तू फोन ठेवलास. त्याचा राग धरून मी हे लिहीत नाही. तू अंतिम तपासणी विभागाची प्रमुख झालीस ही बातमी मी गल्लीत सगळ्यांना सांगितली आहे आणि आजीने खजराण्याच्या गणपतीला तुझ्या नावाने लाडू चढवले आहेत. पण तुमच्या कारखान्यात कायम कामगारांनी काम संथ केले आहे, काहींना निलंबित केले आहे, त्यांच्या जागी कंत्राटी मुले व प्रशिक्षणार्थी लाइनवर उभे केले आहेत आणि यार्डात रोखून ठेवलेल्या मोटारसायकली महिनाअखेरीच्या आत पाठवायच्या म्हणून तुझ्या सहीसाठी घाई चालली आहे, हे ऐकल्यापासून माझे कशात लक्ष लागत नाही. त्या गाड्या एकेक करून पुन्हा तपासल्याशिवाय सही करू नकोस.

आईच्या गुडघ्याला आता बरे आहे. निखिल परवा येऊन गेला.

आमच्या पिथमपूरच्या कारखान्यात तंटा झाला त्या वर्षी तू बालवाडीत होतीस, त्यामुळे तुला त्यातले काही आठवत असण्याचे कारण नाही. मागच्या चाकाच्या एक्सलचा नट ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या पिळाच्या जोराला, आवळला की त्यावर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची, अर्धी नटावर आणि अर्धी शेजारच्या धातूवर, म्हणजे पुढे नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते, ही पद्धत तुमच्याकडेही असेल. कायम माणसे बाहेर असताना त्या जागी धारकडच्या खेड्यातला एक मुलगा आणून उभा केला होता. त्या पाळीतल्या गाड्या मी तपासू लागलो, तेव्हा ज्या नटांवर रंगाचा हात दोनदा फिरलेला होता ते घट्ट निघाले आणि ज्यांवरची रेघ अगदी सुबक होती त्यांतले काही माझ्या बोटांनी फिरले. मी विचारले तेव्हा त्याने सरळ सांगितले, "साब, पहले निशान मार देते हैं, टाइम मिला तो कस देते हैं." म्हणजे मागाहून कसला की तुटलेली रेघ तो पुन्हा रंगवी. तो कामचुकार नव्हता. त्याला दोन दिवसांत जेमतेम काम दाखवले होते आणि कन्व्हेयर कोणासाठी थांबत नव्हता. कागदावर मात्र त्या सगळ्या गाड्या उत्तीर्ण होत्या, कारण पुढचा तपासनीस रेघ पाहत होता, नट पाहत नव्हता. तुझ्या टेबलावर आलेला कागद मला त्या रेघेसारखा वाटतो, म्हणून मी पुन्हा पुन्हा तेच म्हणतो आहे.

निखिलच्या खोलीत अजूनही ज्या हार्ले-डेव्हिडसनचे चित्र लावलेले आहे, त्या कंपनीचे काय झाले होते ते तुला ठाऊक असेल. १९६९ साली ती एएमएफ या उद्योगसमूहाने घेतली, उत्पादन झपाट्याने वाढवले, माणसे कमी केली, संप झाले, आणि १९७३ मध्ये अंतिम जुळणी पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कला हलवली, इंजिने मात्र मिलवॉकीलाच होत राहिली. गाड्यांतून तेल इतके गळे की विक्रेते शोरूममध्ये गाडीखाली पुठ्ठा अंथरीत. १९८१ साली तेरा अधिकाऱ्यांनी कंपनी परत विकत घेतली. १९८३ मध्ये अमेरिकी सरकारने ७०० सीसीवरच्या परदेशी गाड्यांवर जबर आयातशुल्क बसवले, पण नुसत्या शुल्काने कोणतेही इंजिन गळायचे थांबत नाही. होंडाचा ओहायोतला कारखाना पाहून आल्यानंतर त्यांनी मशीनवरच्या माणसाला मोजमापाचे आलेख ठेवायला शिकवले आणि दोष जिथे होतो तिथेच तो पकडण्याची मोकळीक त्याला दिली. पुढे १९८७ साली शुल्क मुदतीआधी उठवा असे कंपनीनेच सांगितले. आणि त्याच होंडाच्या भारतातल्या दुचाकी कारखान्यातल्या कामगारांवर २५ जुलै २००५ रोजी गुडगावात पोलिसांचा लाठीमार झाला. पद्धत कितीही उत्तम असली तरी ती राबवणाऱ्या माणसाशी कसे वागतात यावर सगळे येऊन ठेपते, असे माझे मत आहे आणि त्यासाठी तू मला युनियनवाला म्हणालीस तरी चालेल.

संथ काम मलाही कधी पटले नाही. कामगार कायद्यानेही ती अनुचित प्रथाच मानली आहे. संप उघड असतो, मालकाला आणि गिऱ्हाइकालाही तो दिसतो. संथ कामात माणसाचा राग हळूहळू हातातल्या पान्यात उतरतो आणि तो कोणत्या गाडीत गेला हे कोणालाच कळत नाही. म्हणून तर म्हणतो की अशा काळात तयार झालेल्या गाडीला नेहमीची नमुना तपासणी, म्हणजे काही गाड्याच निवडून केलेली तपासणी, पुरत नाही आणि अशा काळातच वरून घाई होते. दोन्हीकडच्या लोकांचा हिशेब तुझ्या सहीवर येऊन थांबतो. शिवाय व्यवस्थापकीय काम करणारा माणूस कायद्याच्या व्याख्येत कामगार ठरत नाही, तेव्हा उद्या काही झाले तर तुझ्या पाठीशी ना युनियन उभी राहील, ना तुझे वरिष्ठ.

हे पुन्हा व्याख्यान झाले. क्षमा कर. तुझे शिक्षण माझ्यापेक्षा जास्त आहे आणि या कामातले तुला माझ्याहून अधिक कळते. सहावीत असताना सायकलची उतरलेली साखळी तू अंगणात बसून स्वतः चढवलीस आणि मला हात लावू दिला नाहीस. ग्रीसने माखलेले तेच हात घेऊन तू ताईच्या नव्या साडीला बिलगलीस. मला तेव्हाच वाटले होते की ही पोरगी कोणाच्या सांगण्यावरून काम झाले असे मानणार नाही.

पण भीती वाटते. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यांतली जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवरची होती. बहुतेक अपघात वेगाने आणि खराब रस्त्यांमुळे होतात हे मला कळते, पण वसूकाकाचा अपघात झाल्यापासून मला तो आकडा नुसता वाचून सोडून देता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार सरकारला मिळाला आहे, ते चांगलेच झाले. मात्र परत बोलावण्याची पाळी येते तोवर गाडी कोणाच्या तरी घरी गेलेली असते.

नोकरीवर बेतेल याचीही मला तितकीच काळजी आहे, फ्लॅटचा हप्ता मी विसरलेलो नाही. माझ्या भविष्य निर्वाह निधीतली रक्कम बँकेत तशीच आहे आणि आईशी माझे बोलणे झाले आहे, तेव्हा हप्त्यासाठी म्हणून कोणत्याही कागदावर सही करण्याची वेळ तुझ्यावर येऊ नये.

उद्या वरिष्ठांशी बोलशील तेव्हा आवाज चढवू नकोस. रोखलेल्या गाड्यांची यादी चेसिस क्रमांकासह कर, कोणत्या पाळीत आणि कोणत्या स्टेशनवर नवी माणसे होती ते तिच्यापुढे लिही, आणि ब्रेक, एक्सल व स्टिअरिंगचे सगळे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासण्यासाठी किती माणसे व किती दिवस लागतील ते ईमेलने कळव, नुसते तोंडी सांगू नकोस. त्या कामाला निलंबित नसलेले जुने फिटर माग. त्यांना मानाने बोलावलेस तर ते येतील, असा माझा अनुभव आहे. आणि काय ठरले ते मला रात्री कितीही उशीर झाला तरी फोन करून सांग.

तुझा,
बाबा