चिठ्ठी दिसली, मुलीची बंद झालेली शाळा दिसली नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या भागातल्या तरुणांनी यूट्यूबवर टाकलेल्या नववीच्या वर्गावरच्या मालिकेबद्दल एका पालकांचं पत्र आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात आलं. ही मालिका मुलांना बिघडवते, ती बंद करा, असं त्यांचं म्हणणं. मी नागभीड तालुक्यात एका हायस्कूलला मराठी शिकवते. मालिका काढणारे पोट्टे माझ्याच वर्गात शिकले आणि मालिकेचे आजवरचे सगळे भाग मी पाहिले आहेत. म्हणून गप्प बसवत नाही.

पालकांचा राग चिठ्ठीवर आहे. दुसऱ्या भागात एक मुलगा एका मुलीच्या भूगोलाच्या वहीत चिठ्ठी ठेवतो. मालिकेतलं प्रेम म्हणाल तर तेवढंच. चिठ्ठी मुलीच्या भावाला सापडते. चौथा भाग सुरू होतो तेव्हा तिचं दप्तर खुंटीला टांगलेलं असतं आणि ती आईसोबत दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणा (रोपांची लावणी) करत असते. मुलगा रोज सायकलने शाळेत येतो, कबड्डीच्या संघातही निवडला जातो. त्याला कोणी जाब विचारत नाही. पत्रलेखक चिठ्ठीबद्दल पुन्हा पुन्हा लिहितात, पण मुलीची शाळा सुटली याबद्दल त्यांच्या पत्रात एक ओळ नाही. मला सगळ्यात जास्त याचं वाईट वाटलं, कारण मालिका त्याच गोष्टीबद्दल आहे.

नववीचाच वर्ग का घेतला, असं मी त्या पोट्ट्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "बाई, आमचे आर्धे दोस्त तिथंच शाळेतून गेले." खरं आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना धरतो, म्हणजे साधारण आठवीपर्यंत. पुढे कायद्याचा हात सुटतो. आमच्याकडे बऱ्याच गावांत जिल्हा परिषदेची शाळा सातवीला संपते आणि हायस्कूल दुसऱ्या गावात असतं. मधला रस्ता जंगलातून जातो. ब्रह्मपुरी वनविभागातल्या गावांना वाघ काय असतो हे सांगायची गरज नाही. हिवाळ्यात दहावीचे जादा तास घ्यायचे तर अंधाराच्या आत मुलं घरी पोहोचतील असं पाहावं लागतं. मानव विकास योजनेची मुलींसाठीची निळी बस ज्या गावांना येते त्या गावांतल्या मुली शाळेत टिकतात, हे मी डोळ्यांनी पाहते. जिथे बस येत नाही तिथल्या बापाला मुलगी घरी बसवायला चिठ्ठीसुद्धा लागत नाही.

आणि रोवणा. जुलै-ऑगस्टमध्ये माझा वर्ग अर्धा रिकामा असतो. मुली आदल्या दिवशी सांगून जातात, "बाई, मी उद्या नाई येवाची, रोवना हाय." मजुरी रोख मिळते, घराला ती हवी असते, त्यांना कोणत्या तोंडाने रागवायचं? मालिकेत एक प्रसंग आहे. रोवण्यावरून आलेली मुलगी बाकावर बसते आणि कॅमेरा खाली तिच्या पायांवर जातो. चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून सोललेली, त्यावर हळद-तेल लावलेलं. सर फळ्याकडून तिच्या बाकाकडे येऊ लागतात तशी ती पाय मागे ओढते आणि स्कर्टच्या घेराखाली लपवते. संवाद एकही नाही. माझ्या वर्गात ऑगस्टभर मुली असेच पाय ओढून बसतात. चिखल्या कोणी पाहू नये म्हणून. हे मुंबई-पुण्याहून येऊन कोणी दाखवलं नसतं, कारण त्यांना ते दिसलंच नसतं.

आमच्या सहकाऱ्यांचीही या मालिकेवर नाराजी आहे. त्यात एक सर वर्गात मोबाईलवर दाखवले आहेत, त्यामुळे शिक्षकांची बदनामी झाली म्हणे. सर मोबाईलवर असतात हे खोटं नाही. पण पोट्ट्यांनो, तो मोबाईल जवळून दाखवा. त्यावर यू-डायसची, म्हणजे शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती भरणं चालू असतं, अपारसाठी (विद्यार्थ्याच्या ओळख क्रमांकासाठी) आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव जुळवणं चालू असतं, आणि रेंज आहे तोवर ते उरकायचं असतं. तेवढ्यात समोरची चाळीस मुलं काय करतात, हाही एक भाग होऊ शकेल.

मालिका कशी निघते, तेही वाचकांना कळायला हवं. एक पोट्टा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं काम करतो, कॅमेरा त्याचा. लाईट मंडप-डेकोरेशनवाल्याचे, लग्नसराई नसली की मिळतात. आवाज भरायला घरातल्या एका खोलीला चारही बाजूंनी रजया टांगतात. खाण्यापिण्याचं त्यांच्या आयांकडे. भाग तयार झाला की तो चढवायला मोटारसायकलवर नागभीडला जातात, कारण गावात नेट तेवढं ओढत नाही. यूट्यूबच्या जाहिरातींतून वाटा मिळायला एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहिलं जाणं लागतं. तिथवर पोहोचेपर्यंत सगळा खर्च पदरचा. शूटिंगला शाळेची खोली मागितली तर आधी हो म्हटलं गेलं, पहिला भाग आल्यावर नाही. मग समाजमंदिरात जुने बाक मांडून वर्ग उभा केला. नीट पाहिलं तर खिडक्या शाळेच्या नाहीत हे कळतं.

आपला भाग झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याचा. दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, शंकरपट (बैलांच्या शर्यती) होतात आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसाच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात. नाटक रात्री सुरू होतं ते पहाटेपर्यंत चालतं. पाहुणे येतात, लेकरं मांडीवर झोपतात. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या शाळेत पेढे वाटले होते. ही नाटकं सरकारने किंवा कंपनीने नाही, लोकांनी तिकिटं काढून जगवली. त्यांतली दारू, सवत, खून, हुंडा आपण लेकराबाळांसह पाहतो आणि घरी येऊन त्यावर बोलतो. तसंच या मालिकेवरही बोलता येईल. पण मी पाहिलेल्या नाटकांत शाळकरी मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन येते आणि आत जाते. ही मालिका तिला समोर बसवते आणि विचारते, तुझं काय चाललंय?

आता मालिका काढणाऱ्यांना दोन गोष्टी. ते हे पत्र वाचतील याची मला खात्री आहे. धाकट्या भावाचं काम करणारा मुलगा सातवीत आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला चित्रीकरणात घ्यायचं तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय तीन तासांपेक्षा जास्त त्याच्याकडून काम करून घेता येत नाही. 2017 चे नियम आहेत, आपण लहान आहोत म्हणून ते आपल्याला लागू नाहीत असं समजू नका. अर्ज लिहायला मी मदत करीन. दुसरं, चिठ्ठीचा भाग सगळ्यात जास्त पाहिला गेला, म्हणून पुढे प्रेमच वाढवा, असा सल्ला तुम्हाला चहूकडून मिळतो आहे. ऐकू नका. मुलगी बांधीत आहे, तिकडे परत जा. मंडईत पाहुणे येतात तेव्हा सोयरिकीही बोलल्या जातात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीसाठी पाहुणे आले तर ती कोणाला सांगेल? गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकच असतो आणि 1098 हा मुलांसाठीचा फोन नंबर आहे, हे नववीतल्या किती मुलींना माहीत आहे? माझ्या तासाला मी सांगते, पण तुमची गोष्ट त्या स्वतःहून पाहतात.

पत्र लिहिणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे की त्यांनी चौथा भाग आपल्या मुलीसोबत बसून पाहावा. आणि शाळा चालवणाऱ्यांना विनंती, रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीत एक वर्गखोली या तरुणांना द्या. शाळेचं नाव दिसू नये, बाक जागेवर लावून जावेत, मुलींच्या चित्रीकरणाच्या वेळी एक शिक्षिका हजर असावी, अशा अटी घाला. हजर राहायला मी तयार आहे.

संपादक महोदय, दिवाळीनंतर आपल्या पानांवर झाडीपट्टीच्या नाटकांच्या जाहिराती येतील, कोणत्या गावी कोणतं नाटक ते छापून येईल. त्याच पानावर या मालिकेचा नवा भाग कधी येतो त्याची एक छोटी चौकट देता आली तर पाहावं. जाहिरातीला त्यांच्याकडे पैसे नाहीत.

नोकरीमुळे नाव छापू नये ही विनंती.

एक माध्यमिक शिक्षिका,
ता. नागभीड, जि. चंद्रपूर