तळटिपांना कात्री नको

महोदय,

सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिलेली इतिहासाची पुस्तकं आज आवडीने वाचली जातात, याचा मनापासून आनंद वाटतो. पण त्यातल्या कितीतरी पुस्तकांत ना टिपा, ना संदर्भ, ना नामसूची. ‘वाचक कंटाळतो’ हे कारण मला पटत नाही.

‘पाव मिळत नसेल तर केक खा’ हे वाक्य फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्या तोंडी बिनदिक्कत घातलं जातं. फ्रेंच विचारवंत रूसोने हा किस्सा आत्मकथनात लिहिला तो १७६०च्या दशकात, आणि तोही एका ‘थोर राजकन्ये’चा म्हणून, नाव न घेता. मारी फ्रान्समध्ये आली १७७० साली, अवघ्या १४व्या वर्षी! एका तळटिपेने हा घोळ मिटला असता. कोलंबसच्या काळी पृथ्वी सपाट मानत, ही कथाही तशीच. ग्रीक विद्वान इरॅटोस्थेनिसने गोल पृथ्वीचा परीघ इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच मोजला होता.

भाषा रसाळ हवीच. पण लेखकाला हे कुठून कळलं, हे विचारणारा वाचकही जिज्ञासूच असतो. प्रकाशकांनी शेवटची दहा-वीस पानं त्याच्यासाठी राखून ठेवावीत, आणि जमलं तर एखादा नीट वाचता येईल असा नकाशाही द्यावा.

– एक वाचक