भुताआधीचा चहा

पुणे,
२० डिसेंबर

प्रिय अव्या,

स. न. वि. वि. तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, फिर्यादच ती. व्हिक्टोरियन भूतकथांचा तो जाडजूड संग्रह माझ्या सांगण्यावरून आणलास आणि आता म्हणतोस, भूत उगवेपर्यंत वाचणाऱ्याचा डोळा लागतो. आधी घर भाड्याने घेणं, मग स्वयंपाकीणबाईचा पगार, मग चहा, मग धुक्याविषयी चर्चा, आणि शेवटच्या दीड पानात काहीतरी पांढरं हललं की संपली गोष्ट. "यापेक्षा आमच्या आजोळचा मुंजा बरा, तो निदान वेळेवर यायचा," हे वाचून मी एवढ्याने हसलो की आतून आई विचारायला आली.

पण फिर्याद मला मान्य नाही. चहाची पानं तू भराभर उलटलीस आणि खरी गोष्ट तिथेच होती. हे सगळे काही रात्रंदिवस स्मशानात बसणारे लेखक नव्हते रे. यातले कितीतरी जण मुळात विनोदी लेखक. माणूस कशाला हसतो हे ज्याला नेमकं कळतं, त्याला त्याचं हसू कुठे थांबवायचं हेही कळतं. माझं म्हणणं एवढंच आहे, बाकीचं पत्र म्हणजे साक्षीपुरावा.

पहिला साक्षीदार डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स. (त्याची 'द मंकीज पॉ' १९०२ ची, आणि व्हिक्टोरिया राणी तर जानेवारी १९०१ मध्येच गेली, हे तू काढणारच. माणूस १८६३ चा आहे, चालवून घे.) बाप लंडनमधल्या वॉपिंगच्या धक्क्यावर मॅनेजर. पोरगा तिथल्या खलाशांच्या सहवासात वाढला, पुढे पोस्टाच्या सेव्हिंग्ज बँकेत कारकून झाला आणि खलाशांच्या फजितीच्या गोष्टी लिहू लागला. लोक त्याला हसायला म्हणून वाचत. आता या गोष्टीची सुरुवात आठव. बाहेर वादळी रात्र, आत बाप-लेक बुद्धिबळ खेळतायत. बापाने भलतीच चाल केली आहे आणि ती पोराच्या लक्षात येऊ नये म्हणून तो वाऱ्याबद्दल बोलतोय. हिंदुस्थानात नोकरी करून आलेला सार्जंट-मेजर येतो, त्याच्याजवळ एका फकिराने मंतरलेला, तीन इच्छा पुऱ्या करणारा माकडाचा वाळका पंजा. मुलगा हर्बर्ट बापाला म्हणतो, बादशहा व्हायचं माग, म्हणजे बायकोच्या धाकातून सुटशील. आई खुर्चीच्या पाठीवरचं कापड उचलून त्याच्या मागे धावते. शेवटी मागतात काय, तर घराचं देणं फिटावं म्हणून २०० पौंड. दुसऱ्या दिवशी कारखान्याचा माणूस दारात. हर्बर्ट यंत्रात सापडला. कंपनी जबाबदारी घेत नाही, पण त्याच्या नोकरीची कदर म्हणून काही रक्कम देऊ इच्छिते. किती, ते तुला ठाऊक आहे.

सांग, यात घाबरवतं काय? पंजा? छे. रात्री ज्या पोराने सगळ्यांची टिंगल केली, ते पोरगं आपल्याला आवडलेलं असतं. म्हणून आईच्या हट्टापायी बाप पंज्याकडे ते मेलेलं पोरगं परत मागतो आणि शेवटी दारावर थापा पडायला लागतात, तेव्हा जीव खाली-वर होतो. बाहेर तोच असावा असं वाटतं आणि तो नसावा असंही. दार उघडल्यावर जेकब्स आपल्याला काही म्हणता काही दाखवत नाही. तो बुद्धिबळाचा डाव आणि ती धावाधाव तू गाळून वाचलीस, तर हाती उरतो एक वाळका पंजा.

आता एक गंमत. १८८७ च्या डिसेंबरात लंडनच्या 'होम चाइम्स' मासिकात ईडिथ नेसबिटची 'मॅन-साइज इन मार्बल' छापून आली. नवीन लग्न झालेलं, पैशांची ओढाताण असलेलं जोडपं, खेड्यातलं स्वस्त घर, आणि ऑक्टोबरअखेर कामवाल्या बाईंनी अचानक सांगितलं, मी चालले. बायको रडते ती भुताला भिऊन नव्हे, तर आता खरकटी तेलकट भांडी कोण घासणार म्हणून! नवरा समजूत काढतो. आपणही गालातल्या गालात हसत राहतो, आणि तिकडे गावच्या चर्चमधले सरदारांचे दोन संगमरवरी पुतळे उठून चालायला लागलेले असतात. पुढच्याच वर्षी याच मासिकात जेरोम के. जेरोमच्या 'थ्री मेन इन अ बोट' या विनोदी पुस्तकातले तिघे मित्र कुत्र्यासकट होडीत बसले. एकच मासिक, एकच वाचक. हसायचं कपाट वेगळं आणि भ्यायचं वेगळं, ही सोय आपण नंतर केलेली.

डिकन्सकडे तर हे दोन्ही एकाच पानावर सापडतं. 'अ ख्रिसमस कॅरल' १९ डिसेंबर १८४३ ला निघालं आणि पहिली ६,००० प्रतींची आवृत्ती नाताळच्या आत संपली. मेलेला भागीदार मार्ले याचं भूत कंजूष स्क्रूजसमोर उभं राहतं तेव्हा ते इतकं पारदर्शक असतं की पोटातून आरपार पाहिलं तर कोटाच्या पाठीवरची दोन बटणं दिसतात. स्क्रूज म्हणतो, तू भूत नाहीस, माझ्या पोटात न पचलेला बटाट्याचा तुकडा आहेस. इथवर सगळी थट्टा. मग भूत डोक्याभोवती बांधलेली पट्टी सोडतं आणि त्याचा खालचा जबडा निखळून छातीवर पडतो. मी हे पुस्तक किती वेळा वाचलं असेल देव जाणे, पण त्या जबड्याला मी दर वेळी दचकतो.

आणि 'द सिग्नलमन' तू "ठीक" म्हणालास? ठीक? अव्या, तिच्यामागे काय आहे ते ऐक. ९ जून १८६५ ला डिकन्स आगगाडीने लंडनला येत होता. केंटमध्ये स्टेपलहर्स्टजवळ पुलावर डागडुजी चाललेली, रूळ काढून ठेवलेले. मुकादमाने गाडीची वेळ चुकीची वाचली, आणि लाल झेंडा घेऊन ज्याला १,००० यार्डांवर उभं राहायचं होतं तो त्याच्या जेमतेम निम्म्या अंतरावर उभा होता. डबे खाली नदीपात्रात गेले, १० माणसं मेली. डिकन्सचा डबा पुलाला लटकून राहिला. तो बाहेर आला, जखमींना ब्रँडी पाजली, टोपीतून पाणी आणून दिलं, मग लटकत्या डब्यात परत चढून चालू कादंबरीचं हस्तलिखित काढून आणलं. त्यानंतर गाडीत बसला की त्याला कापरं भरायचं. पुढच्या वर्षीच्या नाताळ अंकासाठी त्याने ही गोष्ट लिहिली. १८७० साली तो गेला, तोही ९ जूनलाच.

आता या माहितीसकट गोष्ट पुन्हा वाच. खोल खणलेल्या घळीत एकटा सिग्नलवाला, बोगद्याच्या तोंडाशी लाल दिवा. त्याला एक आकृती दिसते आणि ती दिसली की पाठोपाठ अपघात होतो. पण बिचाऱ्याला खरं छळतंय काय? तारेने "धोका" एवढं कळवावं, तर वरून विचारतील, कसला धोका? कुठे? त्याच्याकडे उत्तर नाही. लोक वेडा म्हणतील, नोकरी जाईल. मी इतकी वर्षं सरकारी टेबलावर काढली, मला ही भीती अगदी आतून कळते. काहीतरी वाईट घडणार हे माहीत असणं आणि ते नोंदवायला फॉर्ममध्ये रकानाच नसणं. या गोष्टीत डिकन्स विनोद जवळजवळ करत नाही, पण कामावरच्या माणसाची ही पंचाईत त्याला कळली ती त्याच्यातल्या विनोदी लेखकाला.

घरभाड्यावर तू जी नाकं मुरडलीस, त्याबद्दल थोडं. ऱ्होडा ब्रॉटनची १८६८ ची पत्ररूप गोष्ट संग्रहात असेल: 'द ट्रूथ, द होल ट्रूथ, अँड नथिंग बट द ट्रूथ'. दोन मैत्रिणींची पत्रं. मेफेअरसारख्या महागड्या भागात एकीला संशय यावा इतक्या स्वस्तात घर मिळतं. सुरुवातीची पत्रं म्हणजे नुसती फर्निचर आणि पडदे यांची बडबड, आपल्या नात्यातल्या बायका फोनवर करतात तशीच. त्या घरात कोणाला काय दिसलं ते शेवटपर्यंत कळत नाही. ज्यांना दिसतं ते सांगण्याच्या स्थितीत राहत नाहीत. शार्लट रिडेलची 'द अनइनहॅबिटेड हाउस' (१८७५) तर थेट वकिलाच्या ऑफिसातला कारकून सांगतो. भाडेकरू टिकत नाही, घराच्या मालकिणीची मावशी रोज येऊन वकिलाचं डोकं खाते, आणि प्रश्न असा की भूत आहे म्हणून भाडेकरू करार मोडू शकतो का! रिडेलबाईंचा नवरा दिवाळखोरीत गेला होता आणि त्याच्या पश्चात त्याची देणी बाईंनी लिहून लिहून फेडली. रिकाम्या घराचा महिन्याचा खर्च हेच पिशाच्च ज्या बाईने पाहिलंय, तिला पांढऱ्या चादरीचं काय कौतुक.

तू म्हणशील, त्या आयरिश भूतकथाकार ल फॅन्यूचं काय? तो कुठे हसवतो? कबूल, तो या टोळीत बसत नाही. 'ग्रीन टी' (१८६९) मधला पाद्री रात्री जागून हिरवा चहा पीत पुस्तकं वाचतो आणि त्याला लाल डोळ्यांचं लहान काळं माकड दिसू लागतं. प्रार्थनेच्या वेळी ते उघड्या पुस्तकावर येऊन बसतं, म्हणजे अक्षरंच दिसू नयेत. मी ही गोष्ट रात्री वाचत नाही. पण शेवटी तो जर्मन डॉक्टर काय म्हणतो पाहिलंस? रोग्याने गळा कापून घेतलाय, आणि डॉक्टर सांगतोय की असल्या ५७ रोग्यांवर मी उपचार केले, याच्यावर तर अजून सुरूच केले नव्हते, तेव्हा हा माझ्या खात्यात धरू नका. ल फॅन्यू हसत नाही खरा, पण मिशीतल्या मिशीत काहीतरी आहे.

हे सगळं नाताळातच का, असं तू विचारलं होतंस. लंडनला डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा शेकोटी आणि गप्पा आल्याच. पण खरं इंजिन छापखान्याचं. १८५५ मध्ये वर्तमानपत्रांवरचा स्टँप कर गेला, १८६१ मध्ये कागदावरचा, आणि स्वस्त नियतकालिकांचा पूर आला. प्रत्येकाचा नाताळ विशेषांक, आपल्याकडे दिवाळी अंक असतात तसा, आणि त्यात भूत हवंच. मागणी तसा पुरवठा, त्यामुळे भरताड लिखाणही चिक्कार झालं. तुझ्या संग्रहातल्या निम्म्या गोष्टी त्या भरताडातल्या आहेत, हे मात्र मी मान्य करतो.

त्या भरताडाला चिमटा काढला तोही आतल्याच लोकांनी. ऑस्कर वाइल्डच्या 'द कँटरव्हिल घोस्ट' (१८८७) मध्ये इंग्लंडचा जुना वाडा अमेरिकन राजदूताचं कुटुंब विकत घेतं. १५७५ पासूनचा रक्ताचा डाग थोरला मुलगा बाजारातल्या डाग काढायच्या वडीने पुसून टाकतो. भूत रोज रात्री डाग पुन्हा रंगवतं, पण लाल रंग संपल्यावर करणार काय? एका सकाळी डाग हिरवागार. साखळ्या वाजवत आलं तर राजदूतसाहेब त्याला वंगणाची बाटली देतात. जुळी पोरं खोटं भूत उभं करतात आणि खरं भूत त्याला बघून घाबरून पळतं! मग जेरोमने १८९१ मध्ये 'टोल्ड आफ्टर सपर' लिहून उरलेली कसर काढली. काकांकडे नाताळची पार्टी, पंच नावाचं भरपूर मद्य, आणि प्रत्येकाची "खरी घडलेली" गोष्ट. निळ्या खोलीतल्या भुताचं पाप कोणतं, तर त्याने दारावर नाताळची गाणी वाजवायला येणाऱ्याला कोळसा फेकून मारला. खोलीत झोपायला गेलेला निवेदक त्या भुताशी गप्पा मारत बसतो. लक्षात घे, जेरोमची थट्टा कळायला आधीच्या पन्नास गोष्टी वाचलेल्या असाव्या लागतात, आणि त्याने त्या प्रेमाने वाचल्या होत्या हे ओळीओळीत दिसतं.

आपल्या मुंबईत जन्मलेला किपलिंगही याच रांगेतला. १८८८ च्या 'माय ओन ट्रू घोस्ट स्टोरी' मध्ये तो एका पडीक डाक बंगल्यात मुक्कामाला असतो. रात्री शेजारच्या खोलीतून बिलियर्डच्या चेंडूंचा आवाज, आणि खोली तर टेबल मावणार नाही एवढीशी. सकाळी खानसामा सांगतो, पूर्वी इथे रेल्वे बांधणाऱ्या साहेबांची बिलियर्डची खोली होती. झालं, पठ्ठ्याला स्वतःचं खरंखुरं भूत मिळालं! मग कळतं की छताच्या कापडात उंदीर होता आणि खिडकीची कडी सैल होती. आणि तो हळहळतो: चौकशी केली नसती तर काय झकास गोष्ट झाली असती.

तर आता क्रम सांगतो, तसाच वाच. आधी वाइल्ड, मग ब्रॉटन, मग नेसबिट, आणि जेकब्स सर्वांत शेवटी, तोही घरात सगळे असताना. जेरोमचं पुस्तक अगदी पातळ आहे, ते आजच पोस्टाने टाकतोय. वहिनींना आधी दे, तू पानं गाळतोस. एच. जी. वेल्सच्या 'द रेड रूम' या भूतकथेबद्दल मुद्दामच काही लिहिलं नाही, कारण त्या मेणबत्त्या भुताने विझवल्या की वाऱ्याने यावर तुझं-माझं पटणार नाही हे नक्की. जानेवारीत येशील तेव्हा त्यावर भांडू.

तुझा,
सुन्या