यिवूहून पक्याला

प्रिय पक्या,

तू फोनवर विचारलंस ना, की भोसरीत तुझ्या शेडमधून निघणाऱ्या केसांच्या क्लचरपेक्षा समुद्रातून आलेला क्लचर स्वस्त कसा पडतो, तेव्हा मी "अरे चायना आहे ते" म्हणून विषय टाळला. खरं सांगू का, बोलायची लाज वाटत होती. तुझी ऑर्डर थांबवून मीच इकडे माल बघायला आलोय.

पहिल्याच दिवशी पायाचे तुकडे पडले. चीनमधल्या या यिवू शहराचं मार्केट म्हणजे ७५ हजारांहून जास्त दुकानं, दुकान म्हणजे आपल्या रविवार पेठेतल्या गाळ्याएवढं, आणि एकाकडे एकच वस्तू. एका गल्लीत नुसते केसांचे क्लिप, पुढच्या गल्लीत नुसते रबरबँड. बाहेर ऑगस्टचा घाम आणि आत जिकडे बघावं तिकडे सांताक्लॉज! एक बाई नूडल्स खाता खाता कॅल्क्युलेटरवर आकडा मारून माझ्याकडे फिरवायची, मी कमी करून परत द्यायचो, ती हसायची आणि चार पैसे उतरायची, अर्धा तास आम्ही एक शब्द न बोलता भांडलो. एका पीसचा भाव कोणी विचारतच नाही, कार्टन किती आणि सीबीएम, म्हणजे घनमीटर, किती तेवढं बोला.

पूर्वी इथली माणसं गूळ घेऊन गावोगाव फिरायची आणि त्याच्या बदल्यात कोंबडीची पिसं आणायची, शेतात खत म्हणून. आपल्याकडे बोहारीण जुन्या साड्यांवर भांडी द्यायची ना, तसंच. १९८२ मध्ये शिए गाओहुआ नावाच्या इथल्या कम्युनिस्ट पार्टीच्या सेक्रेटरीने धोका पत्करून बाजार भरवायला परवानगी दिली, त्या काळात खाजगी धंद्याचं नाव काढलं तरी पंचाईत होती. आता इथून माद्रिदला मालगाडी जाते, २०१४ पासून, १३ हजार किलोमीटर.

मला वाटायचं सगळी जादू स्वस्त मजुरीची. पण मजुरी आता आपल्यापेक्षा जास्तच आहे रे. खरी गंमत जवळपणाची आहे. याच झेजियांग प्रांतात मोजे दातांगला, बटणं चिआओतौला, कापड शाओशिंगला, आणि मोल्ड, म्हणजे प्लास्टिकच्या मालाचे साचे, हुआंगयानला, अख्खी वस्तीच मोल्डवाल्यांची. तुझा मोल्ड बिघडला तेव्हा राजकोटला पाठवून पंधरा दिवस मशीन बंद ठेवलं होतंस, आठवतंय? इथे तो प्रश्नच येत नाही. वर निंगबोचं बंदर हाकेवर. आपण गोष्टी करतो की चिनी माल बंद करा, पण २०२४-२५ मध्ये चीनशी आपली व्यापारी तूट ९९ अब्ज डॉलर होती आणि त्यात माझे क्लिप म्हणजे चिल्लर, मोठा वाटा इलेक्ट्रॉनिक्स, मशिनरी, औषधांचा कच्चा माल यांचा.

सगळंच गोड नाही बरं का. सँपल एक दाखवतात आणि कार्टनमध्ये दुसराच माल निघतो, मागच्या वेळी मला अर्ध्या क्लिपच्या स्प्रिंगा ढिल्या आल्या होत्या, तुझ्या मालात असं कधी झालं नाही.

मी ४० कार्टन बुक केलेत. लपवून ठेवणार नव्हतो, पण फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. काल मुद्दाम एजंटच्या गाडीतून हुआंगयानला जाऊन आलो, एका मोल्डवाल्याला तुझ्या त्या मोठ्या दातांच्या क्लिपचा फोटो दाखवला, त्याने तिथल्या तिथे कागदावर आठ कॅव्हिटीचं, म्हणजे एका वेळी आठ तुकडे निघतील असं, डिझाईन काढून भाव सांगितला. तो कागद बॅगेत घडी करून ठेवलाय. शनिवारी शेडवर येतो, आधी शिव्या घाल, मग चहा सांग.

तुझाच,
नंद्या