साहेब, माझ्या मुलीच्या बापाचं काम कागदावर खरं लिहायला लावा

प्रति,
मा. सामाजिक न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय जय भीम.

माझी मुलगी नववीत आहे. अस्वच्छ व्यवसायात काम करणाऱ्या पालकांच्या मुलांसाठी मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे, वर्षाला 3500 रुपये. तिला जातीची अट नाही, उत्पन्नाची अट नाही. बाप हे काम करतो एवढा दाखला लागतो. आमच्या भागातल्या मेळाव्यात व्यासपीठावरून शब्द दिला होता, कंत्राटी कामगारांनाही महिन्याभरात दाखले मिळतील. परवा शाळेतून अर्ज परत आला. पालकाच्या कामाचा पुरावा नाही म्हणे.

पुरावा कुठून आणायचा? माझे मालक, म्हणजे मुलीचे पप्पा, ड्रेनेजवर आहेत. चेंबर तुंबलं की झाकण काढून छातीइतक्या घाणीत उतरतात, बांबूनं गाळ मोकळा करतात, बादलीनं वर देतात. कंत्राटदाराच्या हजेरीपटावर मात्र त्यांच्या नावापुढे ‘हेल्पर’ लिहिलंय. कारण सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे. खरं लिहिलं तर तो अडकेल. वॉर्ड ऑफिस म्हणतं, कंत्राटदाराचं पत्र आणा. कंत्राटदार म्हणतो, पत्र पाहिजे असेल तर उद्यापासून येऊ नकोस. त्याचा गुन्हा झाकायला माझ्या पोरीची शिष्यवृत्ती कापली जाते, हे तुमच्या खात्याला दिसत नाही का?

पैशाचं एक वेळ सोसू. बाकीचं कोणाला सांगू? पर्मनंट लोकांना हजेरीच्या कोठीत आंघोळीला पाणी आहे, कंत्राटवाल्यांनी तसंच अंगावर घेऊन घरी यायचं. ज्या सोसायटीचं चेंबर मोकळं केलं, तिथला वॉचमन पाणी वरून ओंजळीत ओततो. मागे हँडग्लोज मागितले म्हणून मुकादम चार लोकांत जातीवरून बोलला. त्या रात्री हे घरी आले, जेवले नाहीत. मुलगी गणितं सोडवत बसली होती. तिची वही ओढून कोपऱ्यात फेकली आणि म्हणाले, “शिकून काय दिवे लावणार आहेस?” हा माणूस तिला पहिलीपासून खांद्यावर बसवून शाळेत सोडायचा. दुसऱ्या दिवशी तिचा पेपर होता. अर्धा कोरा देऊन आली.

शाळेतही सुटका नाही. बाईंनी वर्गात विचारलं, “अस्वच्छ व्यवसायवाले कोण कोण? उभे राहा.” ती उभी राहिली नाही. मैत्रिणींना तिनं सांगितलंय की पप्पा कंपनीत आहेत. पालकसभेची चिठ्ठी ती आता घरी दाखवत नाही. अभ्यासात मागे पडली म्हणून शाळा मलाच बोलते. मुकादमानं बापाला दिलेली शिवी पोरीच्या प्रगतिपुस्तकात उतरते, हे शाळेला कोण सांगणार?

माणसाकडून हातानं मैला साफ करून घेण्याविरुद्ध तुमच्या सरकारांनी कायदे कमी केले नाहीत. 1993 ला केला, 2013 ला केला. तरी केंद्राच्या ‘नमस्ते’ योजनेत 2024 पर्यंत नोंदलेल्या 38 हजार गटार कामगारांत शंभरातले 92 अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी निघाले. संविधानानं अस्पृश्यता संपवली, मग चेंबरमध्ये आमचीच माणसं कशी उतरतात? लाड समितीचा वारसाहक्क, म्हणजे बापाची सफाईची नोकरी पोराला, पर्मनंटच्या पोरांना आहे, आम्हाला तोही नाही. मला तो नकोच आहे, माझ्या पोरीच्या हातात खराटा द्यायचा नाही मला. गटारात मेलेल्या माणसामागे 30 लाख द्या असं सुप्रीम कोर्टानं 2023 मध्ये सांगितलं. माझ्या मालकांचं उद्या काही झालं तर कागद म्हणेल, हा हेल्पर होता, आत कशाला गेला? जिवंतपणी पोरीला 3500 नाहीत आणि मेल्यावर बायकोला 30 लाख नाहीत, त्या एका शब्दामुळे.

कंत्राटदाराच्या पत्राची अट काढा. वॉर्डाच्या माणसानं जागेवर येऊन बघावं आणि दाखला द्यावा. खोटी हजेरी लावणाऱ्यावर गुन्हा नोंदवा. आणि भर वर्गात आमच्या मुलांना उभं करू नका, असं शाळांना लेखी कळवा.

ही शिष्यवृत्ती दहावीपर्यंतच असते. पुढच्या वर्षी बघू म्हणून आम्हाला परत पाठवू नका, तिचा या वर्षीचा अर्ज घ्यायला लावा.

एका कंत्राटी ड्रेनेज कामगाराची पत्नी