गज्यास पत्र

गज्या,

पोळ्यापासून तुझे तीन फोन आले, मी उचलले नाहीत. राग नव्हता रे, लाज होती. घरचे बरे आहेत, आईची शुगर ठीक. बाबांचं नागपूरला ऑपरेशन झालं, पाठीचं.

मागच्या दिवाळीत तू ओट्यावर म्हणाला होतास, "बाबा वावरातून येताना तीनदा बसले. नागपूरले ने त्याईले." मी तुझ्यावर चढलो, "पुण्यात राहून डॉक्टर झाला का बे?" तू न जेवता गेलास. आईनं तुझं ताट वाढलेलं होतं.

तेव्हा सगळे मणक्यात गॅप आहे म्हणत होते. एमआरआय कंबरेपुरताच काढला, गादी जराशी सरकलेली दिसली, पट्टा मिळाला. पुढं लघवी अडू लागली तर दुसऱ्यानं प्रोस्टेटच्या गोळ्या दिल्या. वय ५८, दोन्ही पटलं. चालले की पाय लटपटायचे, धुऱ्यावर घटकाभर बसले की परत चालायचे. हे मी रोज पाहत होतो, पण एकाही डॉक्टरला सांगितलं नाही.

आषाढात बाबा नाला ओलांडून घरी आले. डाव्या पायात चप्पल नाही, तळव्यात बाभळीचा काटा मोडलेला, रक्त. आई म्हणाली, "चप्पल कुठी ठेवली?" त्यांनी खाली पाहिलं, मग माझ्याकडे.

मग एका ठिकाणी मज्जारज्जूला सूज आहे म्हणून स्टेरॉइड चढवलं. दुसऱ्या दिवशी उरलेसुरले पायही गेले. हा आजार स्टेरॉइडनं बिघडू शकतो, हे नागपूरला कळलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "चालल्यावर वाढतं का?" गज्या, तू ओट्यावर हेच सांगत होतास.

पूर्ण मणक्याचा एमआरआय झाला. सुजलेल्या मज्जारज्जूच्या मागं काळ्या ठिपक्यांची रांग होती, त्या फुगलेल्या शिरा. मग जांघेतून नळी घालून एकेका धमनीत औषध सोडलं, तेव्हा जागा सापडली. स्पायनल ड्युरल आर्टेरिओव्हेनस फिस्टुला. मज्जारज्जूच्या आवरणात धमनी थेट शिरेला जुळलेली. आपलं खालचं वावर आठव: निचऱ्याच्या नालीतच मोटरचा पाइप सोडला तर पाणी बाहेर जाईल कसं? वावर चिभडतं, पऱ्हाटी पिवळी पडते. तसंच. वर्षाला दहा लाखांत पाच-दहा जणांना होतो, त्यातही उतारवयाच्या पुरुषांना जास्त. म्हणून लवकर ध्यानात येत नाही, असं त्या म्हणाल्या. ती जोड तोडली. आता वाढू नये. गेलेलं किती परत येईल, ते किती दिवस गेले त्यावर.

दिवाळी ते पोळा, दहा महिने गेले गज्या. ते मी घालवले.

तुझ्या पोरीचं बारसं झालं का? नाव वहिनींनाच ठेवू दे. गोऱ्ह्याचं नाव 'बादशहा' ठेवणारा माणूस तू. नोकरी कशी आहे, ते सविस्तर लिही.

बाबा वॉकर धरून ओट्यापर्यंत येतात. लघवीची नळी अजून आहे. काल डोळे मिटून म्हणाले, "अंगठ्याले हात लाव." मी डाव्या अंगठ्याला लावला. "लागलं का?" बराच वेळ थांबून म्हणाले, "अंदाजानं सांगून राह्यलो, हो."

दिवाळीला ये. आधी त्यांच्याजवळ बस, मग माझ्याशी भांड.

तुझा,
सुध्या